पाणचक्कीचा गारवा दिघीला का चालत नाही

मे महिन्यात दिघीच्या धक्क्यावर जंजिऱ्याच्या होडीची वाट पाहत उभं राहा. घाम येतो, पण वाळत नाही. आजच्या विषयाची किल्ली या न वाळणाऱ्या घामातच आहे.

जंजिऱ्याचे सिद्दी हबशी, आणि मलिक अंबरही हबशीच. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि जमिनीखालच्या नहरींनी तिथं पाणी आणलं. ती विद्या पुढं टिकली. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून येऊन उंचावरून हौदात पडतं. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या खांबांच्या दालनाचं छप्पर! उन्हाळ्यात तिथं गार वाटतं. लोक म्हणतात, "जुन्या काळचा एसी."

पण तो चालायचा कसा? धबधब्यामुळं, असं पटकन म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं; धबधबा बाहेर आहे, आपण तर आत बसलोय. खरं काम डोक्यावरचं पाणी करतं. ऊन थेट छताला लागत नाही. शिवाय एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, ती बरीचशी हौदातल्या पाण्यातूनच जाते. पाणी थंड, म्हणून छत थंड, म्हणून खालचा माणूस थंड. हौद कोरडा पडला की हा एसी बंद! म्हणून नुसतं दालन जपून भागत नाही, नहर जपावी लागते.

आता हाच हौद दिघीला बांधला तर? हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओलं फडकं साधारण २२ अंशांपर्यंत उतरतं. ३३ अंश आणि ७० टक्क्यांना ते २८च्या आसपास अडकतं. वाळ्याच्या ताट्यांचंही तेच. विदर्भात त्या जीव वाचवतात, इथं नुसता दमटपणा वाढवतात.

कोकणानं म्हणून पाण्याचा नाद सोडून वारा धरला. उंच, उतरती कौलं, त्यांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, भिंतीला सावली देणारी पडवी, आणि ओटीवर दुपारचा खारा वारा. कुणी याला यंत्रणा म्हणत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. २०२४ मध्ये दिघीला औद्योगिक शहर मंजूर झालंय. तिथं काचेच्या इमारती उभ्या करणाऱ्यांनी आधी एक दुपार गावातल्या एखाद्या ओटीवर बसून काढावी, एवढं मी त्यांना सांगेन.