नाखुदा आणि खलाशी

आम्ही राहायला शिरूरला आणि नोकरीला दौंडच्या एका उर्दू शाळेत. सातवीच्या वर्गात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराचा धडा चालू होता. आरमाराच्या सरदारांत दौलतखानाचे नाव आले, तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. त्याने मोबाइलवर कोणा शेठची पांढरीशुभ्र यॉट पाहिली होती. "सर, असली बोट केवढ्याला मिळते? आणि आपल्या लोकांकडे कधी होती का?" वर्ग हसला. मुलाचे वडील हमाली करतात. हसणे त्याला लागले, हे आम्हाला दिसले. आम्ही उत्तर उद्यावर ढकलले. तो उद्या उजाडायला चार महिने लागले.

आधी किमतीचे सांगतो. यॉट म्हणजे हौसेची, सैर करण्याची नौका. लहानशी शिडाची यॉट मोटारीच्या किमतीत मिळू शकते आणि मोठीची किंमत शेकडो कोटींत जाते. पण खरेदी हा खर्चाचा आरंभ असतो. किमतीच्या साधारण दहावा हिस्सा दरवर्षी सांभाळायला लागतो, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. बंदरातल्या जागेचे भाडे, तळाची खरवड आणि रंग, शिडे, इंजिन, विमा आणि खलाशांचे पगार यांत तो जातो. म्हणजे एक कोटीची नौका दहा वर्षे ठेवली, तर तेवढ्याच पैशात दुसरी आली असती. घोडा विकत घेणे सोपे, दाणावैरण अवघड, अशातला प्रकार.

तरी माणसे ती घेतात. कारण पाण्यावर स्वतःच्या मालकीची जागा असणे यात एक नशा आहे. ना शेजारी, ना बांध, ना सात-बारा. यॉट हा शब्द मूळ डच. शिकार, पाठलाग असा त्याचा अर्थ. १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमकरांनी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला 'मेरी' नावाची यॉट नजर केली आणि हा शौक इंग्लंडमध्ये रुजला. याच राजाला लग्नाच्या करारात मुंबई मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. एका बेटाचे भाडे दहा पौंड, आणि शौकाच्या नौकांना मात्र मोजदाद नाही!

आता मुलाचा दुसरा प्रश्न. आपल्या लोकांकडे होती का? होती, आणि पुष्कळ मोठी होती. जहांगीर बादशहाची आई मरियम-उज़-ज़मानी हिच्या मालकीचे 'रहीमी' हे जहाज हाजींना आणि व्यापाऱ्यांना घेऊन लाल समुद्राकडे जात असे. त्या काळी समुद्रावर फिरायचे तर पोर्तुगीजांचा परवाना विकत घ्यावा लागे. राजमातेनेही तो घेतला होता. तरी १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी तिचे जहाज धरून नेले. बादशहाने दमणवर फौज पाठवली, पण जहाज गेले ते गेलेच.

दुसरी हकीकत आपल्या भीमेशी जोडलेली आहे. १६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज हाजींना घेऊन सुरतेला परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. उतारूंचे, विशेषतः बायकांचे, अतोनात हाल झाले. खाफीखान या इतिहासकाराने लुटीचा आकडा बावन्न लाख रुपये दिला आहे. त्या वेळी बादशहाची छावणी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी होती. दौंडवरून वाहत गेलेले पाणीच पुढे ब्रह्मपुरीला जाते. समुद्रातल्या त्या लुटीची खबर अशी आमच्या नदीच्या काठावर पोहोचली. बादशहाने सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकले आणि त्यांचा व्यापार बंद केला. जहाजाचा सरदार इब्राहिमखान याचे नाव आजही पुस्तकात सापडते. शिडे ओढणाऱ्या खलाशांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

वाचकहो, अशा कहाण्या ऐकल्या की आपली छाती फुगते. आमचीही फुगली. पण जहाज लाकडाचे असते आणि लाकूड कुणाच्या तरी दारातून येते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' लिहिले. त्यात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा स्वतंत्र विचार आहे. आंबा आणि फणस हीही आरमाराच्या कामाची लाकडे, पण रयतेच्या या झाडांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असे त्यांनी बजावले आहे. आमच्या मते नौकेच्या खर्चाचा याहून प्रामाणिक हिशेब दुसरा नाही. जहाजाच्या किमतीत झाडाच्या धन्याचे दुःखही धरायचे असते, हे त्या कारभाऱ्याला कळले होते.

राजेरजवाडे सोडून आपल्या मराठी बोलणाऱ्या मुसलमानांकडे यावे, तर कोकणी नाखुदांची घराणी समोर येतात. नाखुदा म्हणजे नावेचा धनी. उर्दू शायरीत हा शब्द इतका रुळला, की तो मुळात धंद्याचा शब्द आहे हे आमच्यासारखे उर्दू शिकवणारेही विसरतात. एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे नाखुदा मोहम्मद अली रोघे हे मोठे जहाजमालक आणि सर जमशेटजी जीजीभाईंचे चीनच्या व्यापारातले भागीदार. मुंबईच्या जामा मशिदीच्या कारभाराशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. या व्यापाराच्या नफ्यात कापसाबरोबर अफूचाही वाटा होता, हेही इमानदारीने सांगितले पाहिजे.

त्याच जमशेटजींच्या देणगीतून पुण्याला मुळा-मुठेवर बंधारा झाला, १८५० मध्ये. बंधाऱ्यामागे पाणी तुंबले आणि साहेब लोकांना नौकाविहाराची सोय झाली. १८६८ मध्ये तिथे बोट क्लब निघाला. मुंबईचा यॉट क्लब तर १८४६ चा. बंधाऱ्यावरून सुटलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेच्या अलीकडे आमचा शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड. तेच पाणी वर साहेबाच्या करमणुकीचे आणि खाली आमच्या उतारूंचे होते. पूल होण्याआधी भीमा होडीने ओलांडत. होडी गावकोळ्याची. सुगीला घराघरातून त्याला धान्य मिळे आणि वर्षभर तो गावाला या तीरावरून त्या तीरावर नेई. नौकेचा खर्च सगळ्या गावात वाटला गेला, की तो कोणालाच जड होत नाही.

हाजींच्या जहाजांचेही थोडेफार असेच होते. मुंबईहून जहाजाने हजला जाणे १९९५ पर्यंत चालू होते. आमचे आजोबा डेकच्या तिकिटावर गेले होते. जहाज मुघल लाइनचे, पण सांगताना ते नेहमी "आमचं जहाज" म्हणत. तीन पैशांची मालकी नसताना त्या माणसाला समुद्राचे जे सुख मिळाले, ते ऐकून आम्ही मोठे झालो.

आणि मालकी असून काय होते, तेही जगाने पाहिले. विजय मल्ल्या यांची 'इंडियन एम्प्रेस' ही ९५ मीटर लांबीची यॉट २०१८ मध्ये माल्टाच्या बंदरात अडकवून ठेवण्यात आली. कारण काय, तर खलाशांचे पगार थकले होते. त्यांत आपल्या देशाचेही खलाशी होते. नौका अखेर लिलावात निघाली. बावन्न लाखांच्या जहाजावरचे खलाशी निनावी राहिले. या खलाशांनी मात्र कायद्याचा हात धरून नाखुदाची नाव विकायला लावली. तीनशे वर्षांत एवढा बदल झाला आणि आम्हाला तो रहीमीच्या थाटापेक्षा मोठा वाटतो.

याचा अर्थ समुद्राची ओढ खोटी, असे नाही. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी शिडाची नौका घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. नौका नौदलाची. ज्याने सगळे समुद्र पाहिले, त्याच्या नावावर ती नव्हती.

चार महिन्यांनी आम्ही त्या मुलाला वर्गात उभे केले आणि हे सगळे सांगितले. किंमत सांगितली, दहाव्या हिश्श्याचा हिशेब फळ्यावर मांडला. आपल्या लोकांकडे जहाजे होती, हेही सांगितले. पण जहाजांवर आपले लोक दोन प्रकारचे होते, थोडे नाखुदा आणि बाकी सगळे खलाशी. आपण पहिल्यांचीच नावे पाठ करतो आणि बहुतेकांचे आजे-पणजे दुसऱ्यांत असतात. मुलाने जरा विचार केला आणि विचारले, "सर, खलाशी व्हायला काय शिकावं लागतं?"

या वेळी वर्ग हसला नाही. आम्ही खडू ठेवला आणि दहावीनंतरच्या सागरी प्रशिक्षणाची माहिती फळ्यावर लिहायला घेतली.