युरोपात एवढी बेरोजगारी का होते, आणि तिथली सरकारं काय करतात?

युरोप म्हटलं की आपल्याला मोठे पगार आणि सोयीसुविधा आठवतात. पण 2013 साली स्पेनमध्ये काम करू पाहणाऱ्या दर चार माणसांमागे एक जण बेकार होता. पंचविशीच्या आतल्यांमध्ये तर निम्म्याहून जास्त. ग्रीसची गत याहून वाईट होती. हे कसं झालं, ते आम्ही इथे थोडक्यात मांडत आहोत, कारण आपल्याही अनेक घरांतली मुलं आता तिकडे जायचं म्हणतात.

1960 च्या दशकात चित्र उलट होतं. माणसंच कमी पडत होती. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. 1973 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि ही भरती थांबली. पुढे खाणी, पोलादाचे कारखाने आकसत गेले. त्याची झळ याच कुटुंबांना जास्त बसली.

तेलाचा फटका अमेरिकेलाही बसला होता. मग बेरोजगारी युरोपातच मुक्कामाला का राहिली? अनेक अर्थतज्ज्ञ कायद्यांकडे बोट दाखवतात. पक्क्या कामगाराला काढणं महाग, म्हणून मालक नवा माणूस घेताना दहादा विचार करतो. आत आहे तो सुरक्षित, बाहेरचा बाहेरच. आणि वर्ष-दोन वर्षं घरी बसलेल्याचा हात कामातून जातो, मग त्याला कोणी बोलावत नाही.

स्पेनने यावर तोडगा म्हणून 1984 पासून ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांना मोकळीक दिली. पुढे जवळपास एक तृतीयांश नोकरदार असेच झाले. 2008 मध्ये बांधकामाचा फुगा फुटला तेव्हा आधी यांनाच नारळ मिळाला. त्यात सरकारने खर्चाला कात्री लावली. तेव्हा सगळा दोष कायद्यालाच देणं आम्हाला पटत नाही. बाजारात मागणीच नसेल तर कायदा काय करणार?

डेन्मार्कचा मार्ग वेगळा. तिथे माणूस काढणं सोपं आहे, पण विमा घेतलेल्याला दोन वर्षांपर्यंत चांगला भत्ता मिळतो. त्या काळात प्रशिक्षण घेणं, काम शोधणं मात्र सक्तीचं. जर्मनीने 2003 ते 2005 दरम्यान कडक सुधारणा केल्या, दीर्घकाळ बेकार असलेल्यांचा भत्ता घटवला. दहा वर्षांत बेरोजगारीचा दर निम्म्याच्या आसपास आला खरा, पण तुटपुंज्या पगाराची कामंही भरपूर वाढली होती. शेवटी 2015 मध्ये तासाला साडेआठ युरो किमान वेतन लागू करावं लागलं.

एक गोष्ट मात्र भत्त्याने सुटत नाही. फ्रान्समध्ये संशोधकांनी दोन काल्पनिक तरुणींचे अर्ज पाठवले. दोघी सेनेगली वंशाच्या, आडनाव एकच, शिक्षण सारखं. एक ख्रिश्चन मारी, दुसरी मुस्लिम खदीजा. 2010 मध्ये निकाल छापला गेला: मारीला मुलाखतीची बोलावणी अडीच पट.

आज जर्मनीत पुन्हा माणसं कमी पडत आहेत. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला. नर्सिंगसारख्या कामाला जर्मन भाषा चांगली यावी लागते, आणि आपलं प्रमाणपत्र तिथे मान्य करून घ्यावं लागतं. एजंटाला पैसे देण्याआधी या दोन्हींची चौकशी करा.