तारापूर-चिंचणीचा किनारा : एक दृष्टिक्षेप

बोईसर स्थानकावर उतरून कुंभवलीकडे निघालेल्या प्रवाशाला प्रथम दिसतात ते कारखाने आणि पाळी संपवून घरी परतणारे कामगार. या भागाला इतिहास असेल असे त्याच्या मनातही येत नाही. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येथे आली व स्थायिक झाली. ज्या भूमीने आपल्याला आसरा दिला, तिची पूर्वपीठिका जाणून घेणे हे आपले कर्तव्यच होय.

उत्तर कोकणचा हा पट्टा सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वसला आहे. पूर्वेच्या डोंगराळ भागात वारली व अन्य आदिवासींचे पाडे, मध्ये भातखाचरे, पश्चिमेस माड-ताडांच्या वाड्या आणि खाड्यांच्या मुखाशी मच्छीमारांच्या वस्त्या. या खाड्यांमुळेच परकी गलबते येथे येऊ शकली आणि येथील माणूस जगाशी जोडला गेला.

याचा एक विलक्षण पुरावा 1955 साली चिंचणी येथे सापडला. तेथे मिळालेल्या ताम्रपटांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दीतील, शके 848 म्हणजे इ. स. 926 मधील आहे. त्या काळी संजाण मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप होय. या मुसलमान अधिकाऱ्याने भगवती देवीच्या मठिकेसाठी जमीन दान दिल्याची नोंद त्या पटावर आहे. त्याने नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य तरीची आणि वाटसरूंसाठी अन्नछत्राची सोय केल्याचेही त्यात म्हटले आहे. अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर राजा एका धर्माचा, अधिकारी दुसऱ्या धर्माचा आणि होडी मात्र सर्वांची होती.

पुढे 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. 1559 मध्ये दमण त्यांच्या हाती गेले व तारापूरचे ठाणे दमणच्या अमलाखाली आले. तारापूरला कोट उभा राहिला, डोमिनिकन संन्याशांचा मठ झाला. आपल्या श्रद्धेचा प्रसार या किनाऱ्यावर त्याच काळात झाला, हे आपण कृतज्ञतेने स्मरतो. मात्र त्याच राजवटीत हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर बंधने होती आणि गोव्याच्या इन्क्विझिशनची छाया उत्तरेकडील प्रांतावरही पडली होती, हे झाकून ठेवणे योग्य नव्हे. जी गोष्ट शेजाऱ्याला बोचते ती आपण स्वतःहून सांगितली, तरच आपल्या बाकीच्या सांगण्याला मोल येते.

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी 1739 मध्ये मराठ्यांनी तारापूर जिंकले. त्या वेढ्यात बाजी भिवराव हा त्यांचा नामांकित सरदार धारातीर्थी पडला. मे महिन्यात वसई शरण आली. त्या तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली होती. जेत्याने पराभूतांच्या श्रद्धेला दिलेले ते वचन आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते. ते मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

ब्रिटिश अमदानीत मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि वर्दळ खाडीकडून स्थानकाकडे सरकली. स्वातंत्र्यानंतर 1969 मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. पाठोपाठ औद्योगिक वसाहत आली. देशाला वीज मिळाली, हजारो हातांना काम मिळाले. त्या कामगारांत आपणही आहोत. परंतु अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली मूळ जागा सोडावी लागली. 2018 च्या केंद्रीय मूल्यमापनात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 इतक्या प्रदूषण निर्देशांकासह देशात अग्रस्थानी होते. ज्या खाड्यांनी या किनाऱ्याला नावारूपास आणले, त्यांच्याच पाण्यात मासळी टिकेल की नाही, अशी चिंता कोळी बांधवांना करावी लागावी, ही खेदाची बाब आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जून 2024 मध्ये वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदराने समृद्धी येईल असे काही म्हणतात. समुद्र आणि उपजीविका दोन्ही जातील असे मच्छीमार म्हणतात. आपला पगार कारखान्यातून येतो म्हणून या वादात आपले कान एकाच बाजूला असावेत, असे नाही. आपणही कधीकाळी येथे परके म्हणून आलो आणि या गावांनी आपल्याला सामावून घेतले. त्यामुळे ज्यांची जागा सुटते त्यांचे म्हणणे ऐकण्याचे ऋण आपल्यावर आहे.

यासाठी फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मुलांना घेऊन तारापूरच्या कोटापर्यंत जावे. शेजारच्या वृद्ध भंडारी, मांगेला वा वारली कुटुंबात बसून जुनी शेते कोठे होती, होड्या कोठे लागत, कोणती वस्ती कधी उठली, हे विचारावे आणि वहीत टिपून ठेवावे. मधुमतीची तर आज उरलेली नाही, पण ती ताम्रपटावर कोरली गेली म्हणून आपल्याला ठाऊक झाली. या पिढीच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या नाहीत, तर पुढच्यांना त्या कळायच्या कशा?