जलशीर्ष आणि शंट : पालकांनी घ्यावयाची दक्षता

मेंदूतील पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि मेंदूभोवती फिरून रक्तात शोषला जातो. हा मार्ग अडल्यास द्रव साचून मेंदूवर दाब पडतो. या विकारास जलशीर्ष किंवा हायड्रोसेफॅलस म्हणतात. जन्मजात दोष, मुदतपूर्व जन्मलेल्या अर्भकांतील मेंदूचा रक्तस्राव, क्षयजन्य मेंदूज्वर आणि गाठ ही त्याची प्रमुख कारणे होत.

साचलेला द्रव वाहून नेण्यासाठी शस्त्रक्रियेने शंट, म्हणजे झडप असलेली बारीक नळी, बसवतात. ती डोक्यातून त्वचेखालून पोटात उतरते व तेथे द्रव शोषला जातो. १९५६ साली अमेरिकेतील जॉन होल्टर या यंत्रकारागिराने स्वतःच्या मुलासाठी अशी झडप घडवली. ती या उपचारातील मोठा टप्पा ठरली.

शंटमुळे दाब आटोक्यात राहतो. मूळ विकार नाहीसा होत नाही. नळी तुंबू शकते, तुटू शकते किंवा तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. सुमारे ४० टक्के बालकांत पहिल्याच वर्षी, तर जवळपास निम्म्या बालकांत दोन वर्षांत शंट निकामी होतो. संसर्ग बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उद्भवतो.

तान्ह्या बाळात टाळू फुगणे, डोक्याचा घेर झपाट्याने वाढणे, नजर खाली झुकणे, दूध न घेणे व किरकिर ही लक्षणे दिसतात. मोठ्या मुलांत डोकेदुखी, विशेषतः सकाळी होणारी उलटी, झोपाळूपणा, चालण्यात किंवा अभ्यासात घसरण आढळते. ताप, पोटदुखी, नळीच्या मार्गावर लाली वा सूज ही संसर्गाची चिन्हे असू शकतात.

धोका येथेच आहे : उलटी म्हणजे पोट बिघडले, असे समजून दोन दिवस वाट पाहिली जाते. शंट असलेल्या बालकाला वारंवार उलट्या व सुस्ती आल्यास त्याच दिवशी मेंदू-शल्यचिकित्सेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मूल जागे होत नसेल किंवा झटके येत असतील, तर क्षणाचाही विलंब नको.

मूल बरे असतानाचे सीटी स्कॅन, शस्त्रक्रियेची तारीख व झडपेचा प्रकार यांची नोंद एका पिशवीत हाताशी ठेवावी. जुन्या चित्राशी तुलना केल्यावर निदान सुकर होते. बाहेरून दाब बदलता येणारी झडप असल्यास एमआरआयनंतर तिची तपासणी करून घ्यावी. झडप स्वतः दाबून पाहू नये. शिक्षकांनाही ही लक्षणे सांगून ठेवावीत. नियमित तपासणी चालू ठेवल्यास अनेक मुले शाळेत जातात, खेळतात. कोणते खेळ टाळावेत, ते मात्र डॉक्टरांना विचारावे.