परळला कळलं, भिवंडीला नाही

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात सिगारेट पेटवता येत नाही. हवेत सुताची तूस उडत असते. एक ठिणगी पडली तर बीम, तागे, सगळं जळून जाईल. पाळी बारा तासांची, मजुरी विणलेल्या कापडावर. त्यामुळे कारागीर माग सोडून बाहेर जात नाही. तो तंबाखू मळतो, चुना लावून गालात बार धरतो आणि रात्र काढतो. मी मागांची देखभाल करणारा जॉबर होतो. पाळीला पुडी हातोहात फिरताना रोज बघायचो. तिच्यात काय दडलंय, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

सांगण्यासारखं मात्र होतं. परळच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी सांघवी आणि राव या सहकाऱ्यांसह तंबाखू, विडी आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध तपासला. तो अभ्यास १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.

त्याच्या आदल्याच वर्षी, ४ जानेवारी १९५४ रोजी, अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत निवेदन दिलं होतं, की आमचा माल अपायकारक आहे असं आम्हाला वाटत नाही. पुढे १९६९चं एका कंपनीचं अंतर्गत टिपण उजेडात आलं. लोकांच्या मनात शंका पेरणं हाच आपला धंदा, असा त्याचा मथितार्थ होता. २००६ साली न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की या कंपन्यांनी अनेक दशकं जनतेला फसवलं.

आपल्याकडे १९७५ साली पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा झाला, तो फक्त सिगारेटसाठी. विडी आणि खायची तंबाखू त्यातून सुटली. सगळ्या तंबाखूला धरणारा कायदा यायला २००३ उजाडलं आणि अक्षरओळख नसलेल्या कारागिरालाही कळेल असं चित्र पुडीवर यायला ३१ मे २००९. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली. तरी भिवंडीच्या गोदामांत त्याचे साठे पकडले जातात.

अमेरिकेत कंपन्यांना सत्य दडपावं लागलं. इथे दडपायचीही गरज पडली नाही. परळचं ज्ञान मागापर्यंत कुणी आणलंच नाही, आणि त्याची किंमत कारागिराच्या जबड्याने मोजली.

मालकांनो, रात्रपाळीत चहाची सुट्टी द्या. कारागीर बंधूंनो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखं उघडेना झालं, तर पगाराची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठा.