दख्खनचा लाव्हा आणि माजलगावची विहीर : एका ज्ञानेतिहासाचा मागोवा

प्रस्तावना :
माजलगाव तालुक्यात विहीर खोदताना काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मुरुमाखाली खडक लागतो आणि तेथून खरी चिंता सुरू होते. खडक एकसंध, काळा व सुरुंगाला दाद न देणारा निघाला तर पैसा जातो आणि पाणी लागत नाही. तोच भेगाळ, झिजलेला, पांढऱ्या-हिरव्या खड्यांनी भरलेला असेल तर झऱ्याची आशा धरता येते. एकाच शिवारात हे दोन्ही अनुभव येतात. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीचा लाव्हा कोठे कसा निवला, यात या फरकाचे मोठे कारण दडलेले आहे. हे कारण अभ्यासकांना कसे उमगत गेले आणि ते विहिरीच्या काठापर्यंत यावयास एवढा विलंब का लागला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाण्याचा खडक की अग्नीचा :
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसाल्टच्या उत्पत्तीवरून युरोपात मोठा वाद माजला होता. फ्रायबर्गच्या खाणविद्यालयातील वेर्नर व त्यांचे शिष्य हा खडक आदिम सागराच्या पाण्यातून साचला असे मानीत. फ्रान्समधील देमारे यांनी मात्र ओव्हेर्न प्रांतातील काळ्या स्तंभांचा माग जुन्या ज्वालामुखींपर्यंत नेला होता. वेर्नरपक्षाचा एक आक्षेप बिनतोड वाटे : वितळलेला खडक निवला तर त्याची काच होईल, दगड कसा होईल? स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी त्याचे उत्तर भट्टीत शोधले. त्यांनी एडिंबरोच्या परिसरातील काळा खडक वितळवला. तो झटकन थंड केला तेव्हा काच झाली, सावकाश थंड केला तेव्हा स्फटिकमय दगड झाला. हे प्रयोग त्यांनी 1798 मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यांचे ज्येष्ठ स्नेही हटन यांना मुशीतल्या प्रयोगावरून सृष्टीचे निर्णय करणे रुचत नसे. म्हणून हॉल यांनी हटन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1797 पर्यंत, हे काम मागे ठेवले होते. गुरुजनांच्या आदराचा असा भार विज्ञानालाही वाहावा लागतो.

हॉल यांच्या मुशीतले सूत्र शेतातल्या खडकालाही लागू पडते. सुमारे 1100 ते 1200 अंश सेल्सिअस तापमानाचा लाव्हा पसरला की हवेशी भिडलेला वरचा थर आधी थिजतो. वर येणारे वायूचे बुडबुडे त्या सायीत अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट यांसारखी खनिजे भरतात आणि कुहरी बेसाल्ट तयार होतो. सायीखालचा लाव्हा मात्र जणू पांघरुणात असतो. तो संथपणे निवतो, घट्ट होतो, आकसतो आणि आकसताना उभ्या भेगा पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे स्तंभ असेच घडले. हवाईतील किलाउएया इकी या विवरात 1959 मध्ये साचलेले शंभराहून अधिक मीटर खोलीचे लाव्हाचे तळे पूर्ण थिजावयास 1990 च्या दशकाचा मध्य उजाडला, यावरून या संथपणाची कल्पना येईल.

दख्खनचे वाचन :
दख्खनचा विस्तृत परिचय कर्नल साइक्स यांनी 1833 मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे केला. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले ‘ट्रॅप’ हे नाव आपल्या डोंगरांना चपखल बसते. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात लाव्हाच्या थरांदरम्यान सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील जीवाश्मांचा अभ्यास केला. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत तळी व्हावीत एवढा काळ कधी कधी लोटत होता, हे त्यावरून दिसते. दोन थरांमधील लाल मातीचा पट्टा हीदेखील अशा अवकाशाची खूण होय. ब्लॅनफर्ड यांचा विस्तृत प्रबंध 1867 चा.

भुसावळ येथे कोळशाच्या शोधात सुमारे 1200 फूट खोल छिद्र घेतले गेले. त्यातून निघालेल्या खडकाचा अभ्यास फर्मोर यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध केला. कोळसा सापडला नाही. सापडले ते एकावर एक थिजलेले 29 लाव्हाप्रवाह, सरासरी 40 फूट जाडीचे. प्रस्तुत लेखकाच्या मते हे छिद्र या इतिहासाचे मर्म सांगते. भूगर्भाला तेव्हा कोळशाचा प्रश्न विचारला गेला, कुणब्याच्या पाण्याचा नव्हे.

पाण्याचा प्रश्न 1972 च्या दुष्काळाने ऐरणीवर आणला आणि मराठवाड्यात कूपनलिकांचे युग आले. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे 338 मीटर भरली. कोयनेकडे ती 900 मीटरांहून अधिक आहे. पुण्यातील दुराईस्वामी, बोंद्रे व डोळे यांनी 2000 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, दख्खनचे अनेक प्रवाह सायीखाली नवा लाव्हा भरत जाऊन फुगलेल्या लहान-मोठ्या पाळ्यांचे बनले आहेत. अशा पाळ्यांच्या प्रदेशात शेजारच्या दोन विहिरींचे दैव वेगळे असावे, यात नवल नाही.

विहिरीची भिंत :
गोदाकाठची गाळाची पट्टी वगळता (पुरुषोत्तमपुरीचे मंदिर विटांचे आहे, हे येथे आठवावे) आपला तालुका याच खडकावर वसला आहे. सिंदफणेवरील माजलगाव धरण 1987 मध्ये पूर्ण झाले. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात येते. कालव्याबाहेरची शेती मात्र विहिरीवरच उभी आहे. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने 60 मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातले, तरी खोल जाण्याची स्पर्धा थांबलेली नाही. घट्ट बेसाल्टमध्ये खोली वाढवून पाणी वाढेलच असे नाही. झिजलेली साय किंवा भेग गाठणे महत्त्वाचे. जुने विहीर खोदणारे हे जाणत. मुरूम, काळा पाषाण, तांबडा पट्टा असे त्यांचे स्वतःचे वर्गीकरण होते. तळाशी आडवे बोअर मारण्यामागेही भेग गाठण्याचाच विचार असतो.

प्रत्येक बोअरमधून उडणारा भुगा किती फुटांवर काळा, किती फुटांवर तांबडा झाला हे यंत्रावरील मजूर पाहतात. सकाळी यंत्र पुढच्या गावी जाते, भुगा शेतात पसरतो आणि ती नोंद कोठेही उरत नाही. तालुक्यातील महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी गावनिहाय वह्या घालून या खोल्या टिपावयास आरंभ केला, तर पुढील विहिरीची जागा ठरवताना केवळ पाणाड्यावर विसंबावे लागणार नाही.