मोजलेत की लिहिलेत?

परवा शहाद्याहून मामांचा फोन आला. आईने त्यांना काहीतरी सांगितलं असावं, कारण पहिलाच प्रश्न, "काय भाचेराव, रविवारी पहाटे उठून तळ्यावर पक्षी मोजायला जातोस म्हणे. त्याचे पैसे मिळतात का?"

"नाही मामा."

"मग?"

या 'मग?'ला मला पटकन उत्तर देता आलं नाही. हवा कशी आहे, पपईला भाव काय, असं काहीबाही बोलून फोन ठेवला. पण तो 'मग?' काही डोक्यातून जाईना. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर मामांच्या शहाद्यातच आहे, हे मला दोन दिवसांनी सुचलं. म्हणून हे लिहितोय.

आधी स्वतःची एक फजिती सांगतो. दर जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे आणि तिचा सगळा भार हौशी लोकांवर असतो. बँकेतले, शिक्षक, निवृत्त काका, कॉलेजची मुलं. पुण्यात आल्यावर मीही अशा एका गटात शिरलो. दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे एका तळ्याचा अर्धा काठ दिला होता. मी उशिरा पोचलो, ऊन चढलं, पलीकडच्या टोकाला जायचा कंटाळा आला. वारकरी मोजायचे होते (वारकरी म्हणजे काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी, पंढरीचे नव्हेत!). आदल्या वर्षीचा आकडा माहीत होता. त्यात थोडं कमी-जास्त करून तक्त्यात भरून टाकला.

तक्ते गोळा करणाऱ्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मोजलेत की लिहिलेत?"

मी गप्प. ते रागावले नाहीत. फक्त आकडा खोडून समोर 'मोजणी अपुरी' असं लिहिलं आणि म्हणाले, "हेही उपयोगाचं असतं. खोटा आकडा मात्र कशाच्याच उपयोगाचा नाही."

तेव्हा वाटलं, एवढं काय त्यात! चार वारकरी इकडे-तिकडे झाल्याने कुणाचं काय बिघडतं? नंतर रानपिंगळ्याची गोष्ट वाचली आणि समजलं.

पिंगळा आपल्याला माहीत आहे. संध्याकाळी तारेवर बसून चिरचिर करणारं छोटं घुबड. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणाऱ्याचंही नाव तेच. रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊ. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय आणि नख्या दणकट, आणि घुबड असूनही दिवसाउजेडी सरडे नि उंदीर टिपणारा. त्याचं पहिलं वर्णन १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी केलं. हो, तेच काँग्रेसवाले ह्यूम! नमुना पाठवला होता ब्लुइट नावाच्या गृहस्थाने, आजच्या छत्तीसगडमधून. म्हणून पक्ष्याचं शास्त्रीय नाव 'ब्लुइटी'.

पुढचे बरेचसे नमुने आले ते आपल्या खानदेशातून. जेम्स डेव्हिडसन हा इंग्रज अधिकारी इथे नोकरीला होता. दिवसा सरकारी काम, उरलेल्या वेळात पक्षी. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादी त्याने १८८२ च्या सुमारास छापली. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो पक्षी मारून कातडी भरून ठेवी, ते आज वाचायला बरं वाटत नाही. पण प्रत्येक पक्ष्याला तो चिठ्ठी बांधायचा. कुठे मिळाला, कधी मिळाला. बस्स. त्या चिठ्ठीसाठी त्याला कुणी पगार देत नव्हतं.

त्याच सुमारास मुंबईत असाच एक उद्योग सुरू झाला होता. १५ सप्टेंबर १८८३ ला आठ हौशी माणसांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते, हे मला फार उशिरा कळलं. एक प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. संस्थेला स्वतःची जागासुद्धा नव्हती. १८८४ मध्ये फिप्सन नावाच्या एका मद्याच्या व्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात जागा दिली. शहरातली पोटापाण्याला लागलेली माणसं, फावला वेळ आणि नोंदवह्या. आपण रविवारी करतो त्याचं मूळ हे असं आहे.

आणि १८८४ नंतर रानपिंगळा गायब झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने, बाकी काही नाही. १९७० च्या दशकात सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनीही त्याचा माग काढायचा प्रयत्न केला. मिळाला नाही.

नाही म्हणायला अलीकडची एकच नोंद होती. कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन हे मोठं नाव. सैनिक, शिकारी, पक्षीतज्ज्ञ. १९३७ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेवर सलीम अली त्याच्याबरोबर होते. या कर्नलच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं की तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाची चिठ्ठी! पुढच्या सगळ्यांनी ती खरी धरली.

अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी मात्र जुने नमुने हातात घेऊन तपासले. त्यांना आणि नायजेल कॉलर यांना दिसलं की कर्नलचा पक्षी आतला कापूस काढून पुन्हा भरलेला आहे. मूळची बांधणी मात्र डेव्हिडसनची! म्हणजे कर्नलने ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचा पक्षी उचलला, नवा शृंगार केला आणि मनाला येईल ती तारीख नि गाव लिहून स्वतःच्या नावावर चढवला. हे सगळं १९९९ मध्ये छापून आलं.

पण त्याआधीच रासमुसेन यांनी एक साधी गोष्ट केली होती. कर्नलची चिठ्ठी बाजूला ठेवायची आणि फक्त विश्वासाच्या जुन्या चिठ्ठ्या धरून चालायचं. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना घेऊन त्या आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा फिरल्या, तिथे काही नाही. मग खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, एका झाडावर रानपिंगळा उन्हं खात बसला होता. तब्बल ११३ वर्षांनी!

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ ला. म्हणजे आपला जिल्हा कागदावर यायच्या आत आपलं घुबड कागदावर परत आलं.

अर्थात 'सापडला' हा शब्द आपला, शहरातल्या लोकांचा. तो कुठे गेला नव्हता. भिल्ल आणि पावरा वस्त्यांशेजारी, झाडांच्या ढोलीत पिल्लं वाढवत तो ती सगळी वर्षं होताच. त्याला कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. आणि ज्यांनी पाहिला असेल त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर बीएनएचएसच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा-तोरणमाळ भागात आणि मेळघाटात त्याचा अभ्यास केला. पुढे मध्य प्रदेशात, डांगात, आणि २०१४ मध्ये तर थेट तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या जंगलातही तो दिसला. अशा नोंदी वाढल्यामुळे २०१८ साली त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त'वर आला. पण लगेच पेढे वाटू नयेत. सगळे मिळून हजाराच्या आतच आहेत असा अंदाज आहे. आणि शहादा-तळोद्याच्या पायथ्याचं रान शेतीखाली जात आलंय. कसणाऱ्याला पोट आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला हक्कही दिलाय. त्याला पुण्यात बसून 'जंगल वाचवा' असं सांगणं सोपं आहे. मला ते जमत नाही. मला फार तर एवढंच जमतं की जे पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहावं आणि जे नाही ते नाही म्हणून लिहावं. उद्या कुणी वनखात्याशी किंवा ग्रामसभेत बसून यावर बोलायला लागलंच, तर त्यांच्या हातात खरा कागद असावा.

म्हणजे बघा, दोघेही पक्षीवेडे. एकाने सरकारी नोकरी सांभाळून खरी चिठ्ठी बांधली आणि ती शंभराहून जास्त वर्षांनी उपयोगी पडली. दुसरा त्याच्याहून कितीतरी नावाजलेला, पण त्याने खोटी चिठ्ठी बांधली आणि आता त्याच्या संग्रहातल्या खऱ्या नोंदींवरही कुणाचा विश्वास नाही. माझ्या वारकऱ्यांचा आकडा आणि कर्नलचं घुबड यांत फरक आहे, मान्य. पण फरक आकाराचा आहे, जातीचा नाही. हे कळलं तेव्हा खरंच लाज वाटली.

काल मामांना फोन करून ही सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या रानातलं घुबड शोधायला बाई अमेरिकेतून आली, आणि आम्ही इथे असून आम्हाला पत्ता नाही!" थोडं थांबून विचारलं, "तोरणमाळच्या वाटेवर दिसेल का रे ते?"

म्हटलं, दिसलं तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. नाही दिसलं तर तेही लिहा.

असो. जानेवारीत तळ्याचा तोच काठ मागून घेतलाय. या वेळी पलीकडच्या टोकापर्यंत जायचंय.